सॉफ्टवेअर जोरात चाललंय, मग शेअर का पडला?

(एका मराठी फोरमवरचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

माडाखाली

रविवारी संध्याकाळी आमच्या पडवीत सुपारी सोलणं चाललं होतं. बाबांनी हात न थांबवता विचारलं, “तुझं ते सॉफ्टवेअर जोरात चाललंय म्हणतोस. मग शेअर का पडला?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर नव्हतंच.

थोडी पार्श्वभूमी. मी पुण्यातल्या एका लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. (नाव विचारू नका, नोकरी प्यारी आहे.) लॉकडाऊनमध्ये गुहागरला घरी आलो तो इथलाच झालो. आमचं प्रॉडक्ट गोदामांसाठी आहे. कुठला माल कुठल्या रॅकवर, किती, कधी आला, कधी जाणार, हे सगळं ते सांभाळतं. त्याच्या एका भागासाठी मी पाच वर्षं रात्री जागवल्यात, त्यामुळे जरा जीव आहे त्यात. दोन वर्षांत ग्राहक जवळपास दुप्पट झाले. एकदा लावलं की सहसा कुणी काढत नाही. सपोर्टवाल्या पोरांना जेवायला फुरसत नाही.

आणि शेअर? मला ईसॉप (कंपनी नोकरांना ठरल्या भावात देते ते शेअर) मिळाले तेव्हापासून तिसरा हिस्सा उतरलाय. वर गंमत अशी की ईसॉप घेतले त्या दिवशीच्या भावाने पगारातून कर कापला गेला. म्हणजे जो भाव आता नाही त्या भावावर मी कर भरून बसलोय.

आईला वाटतंय मीच कोडिंगमध्ये काहीतरी घोळ घातला.

तर मंडळी, शेअरचा भाव बघून प्रॉडक्ट यशस्वी आहे की नाही हे कळतं का? नसेल, तर मग त्या भावातून नक्की कळतं काय? बाबांना पुढच्या रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

तिरफळ

आवशीक सगळा कळता. कोडिंगच बघ एकदा.

रामभरोसे

काही कळत नाही. मटका आहे मटका. मोठे लोक संगनमताने भाव चढवतात, आपल्यासारखे चढलेला भाव बघून धावतात आणि तेवढ्यात ते निघून जातात.

सत्यम कॉम्प्युटर्स विसरलात? सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार आणि ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजूंचं कबुलीपत्र, की हिशेब खोटे होते. आदल्या दिवशी १७९ रुपयांचा शेअर त्या संध्याकाळी ४० च्या आसपास. माझ्या मेहुण्याने तो लग्नासाठी ठेवला होता. लग्न झालं, पण कार्यालयात नाही, अंगणात मांडव घालून.

हिशेबनीस

रामभाऊ, सत्यमचं उदाहरण इथे बसत नाही. तिथे वहीच खोटी होती. खोट्या वजनाने मासळी तोलली म्हणून तराजू नावाची वस्तूच टाकाऊ ठरत नाही. शिवाय सत्यम ही सेवा देणारी कंपनी, प्रॉडक्टवाली नव्हे. लोक हे फार मिसळतात. इन्फोसिसकडे फिनॅकल आहे, टीसीएसकडे बॅन्क्स आहे, दोन्ही बँकांचा कारभार चालवणारी सॉफ्टवेअरं, बँका ती वापरतात, पण या कंपन्यांची बहुतेक कमाई माणसांच्या कामाच्या तासांवर चालते. उद्या फिनॅकल दुप्पट बँकांनी घेतलं तरी इन्फोसिसचा शेअर त्या प्रमाणात हलेल असं नाही.

आता माझा मुद्दा. मी चिपळूणला चाळीसएक दुकानांचे हिशेब बघतो. किराणा, खतं, जांभा चिऱ्याच्या खाणी, दोन काजू फॅक्टऱ्या. बत्तीसजण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आमच्या बाजारात नवीन हिशेबनीसाला एकच प्रश्न विचारायचे, “टॅली येतं का?” अकाउंट्स येतं का असं कुणी विचारलं नाही. २०२१ च्या पुरात माझ्या एका गिऱ्हाइकाचं दुकान छपरापर्यंत बुडालं. चौथ्या दिवशी गाळ काढताना त्याचं पहिलं वाक्य होतं, “टॅलीचा बॅकअप तुमच्याकडे आहे ना?” दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा विमा आठवला.

यापेक्षा यशस्वी प्रॉडक्ट कसं असतं सांगा मला. आणि टॅलीचा शेअर कितीला? कितीलाच नाही. कंपनी लिस्टेडच नाही. झोहो या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचं तेच. म्हणजे ज्यांच्या प्रॉडक्टबद्दल मला छातीठोक सांगता येईल, त्यांच्या शेअरबद्दल बोलायला विषयच नाही.

माडाखाली, तुमच्या कराबद्दल वाईट बातमी. ईसॉप घेताना बाजारभाव आणि तुम्ही दिलेला भाव यांत जो फरक असतो तो पगार धरला जातो आणि त्यावर भरलेला कर परत येत नाही. आता विकलेत तर तोटा भांडवली धरला जाईल आणि तो भांडवली नफ्यातूनच वळता होईल, पगारातून नाही. रिटर्न वेळेत भरा म्हणजे आठ वर्षं पुढे ओढता येईल.

माडाखाली

> रिटर्न वेळेत भरा म्हणजे आठ वर्षं पुढे ओढता येईल

अण्णा, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली आठ वर्षं तोटा ओढायला काय रहाट आहे का.

खाडीपलीकडची

बाबांच्या प्रश्नाने भल्याभल्यांना घाम फुटतो. मी अकरा वर्षं मुंबईत म्युच्युअल फंडाच्या रिसर्चमध्ये होते, आता दाभोळला नारळ मोजते. (तुमच्याकडून धोपाव्याच्या फेरी बोटीने आलं की पहिलं वळण.)

तुमच्या प्रश्नाचं तासून घासून झालेलं उदाहरण म्हणजे मायक्रोसॉफ्ट. डिसेंबर १९९९ च्या अखेरीस शेअर साठ डॉलरला टेकला होता, नंतर झालेलं शेअरचं विभाजन (एकाचे दोन) हिशेबात धरून. जानेवारी २००० मध्ये स्टीव्ह बाल्मर सीईओ झाले. पुढच्या तेरा वर्षांत विंडोज एक्सपी आलं, एक्सबॉक्स आला, विंडोज ७ आलं. वर्षाची विक्री २३ अब्ज डॉलरवरून ७८ अब्जांच्या घरात गेली, नफा ९.४ अब्जांवरून २१.९ अब्जांवर. सायबर कॅफे बघा, तलाठ्याचं टेबल बघा, कॉलेजची लॅब बघा, सगळीकडे विंडोज. आणि ऑगस्ट २०१३ मध्ये शेअर होता ३२ डॉलर. विक्री तिपटीहून जास्त आणि भाव निम्मा!

त्याच महिन्यात, २३ तारखेला, बाल्मर यांनी आपण निवृत्त होणार असं जाहीर केलं, तर शेअर एका दिवसात सात टक्के चढला. माणूस जातोय म्हणून. १९९९ चा भाव पुन्हा दिसायला ऑक्टोबर २०१६ उजाडला, तोवर नवे सीईओ सत्या नाडेलांना येऊन अडीच वर्षं झाली होती.

मग १९९९ चा भाव खोटा होता का? खोटा नाही, आगाऊ होता. तेव्हा लोक एका शेअरसाठी त्याच्या वाट्याला येणाऱ्या वर्षाच्या कमाईच्या साठ पटीहून जास्त मोजत होते. पुढची कित्येक वर्षं सगळं उत्तम होणार हे गृहीत धरून त्याचे पैसे आधीच देऊन टाकलेले. २०१३ ला तीच पट बारा-तेरावर आली होती. मधल्या काळात कंपनीने कमावलं भरपूर, पण ते कमावणार हे आधीच विकलं गेलं होतं.

आता उलटं बघा. अडोबीने मे २०१३ मध्ये सांगितलं की फोटोशॉप वगैरेची नवी आवृत्ती डब्यातून विकणार नाही, महिन्याच्या वर्गणीवर घ्या. लोक चिडले, याचिका काढल्या. त्या आर्थिक वर्षात विक्री ४.४० अब्जांवरून ४.०६ अब्जांवर उतरली. नफा तर ८३ कोटी डॉलरवरून २९ कोटींवर. विक्री कमी, नफा तिसऱ्या हिश्शावर, गिऱ्हाईक नाराज. आणि शेअर त्याच कॅलेंडर वर्षात ३८ च्या आसपासून साठाजवळ. कारण बाजाराला दिसलं की एकदाच येणारा पैसा आता दरमहा येणार.

त्यामुळे तुमच्या कंपनीचं नाव नको, पण एक सांगा. तुम्हाला ईसॉप मिळाले तेव्हा शेअर कमाईच्या किती पट होता?

संकासूर

वाचतोय. ताई, एक शंका. हे सगळं झाल्यावर मागे वळून सांगणं झालं. २०१३ ला अडोबी पडला असता तर तुम्ही लोकांनी लिहिलं असतं, “गिऱ्हाईक नाराज होतं म्हणून पडला.” भाव आधी, कारण मागून. नमनात संकासूर आधी नाचतो आणि मृदुंगवाला मागून ताल धरतो, तसं.

खाडीपलीकडची

संकासूर, यात बरंच तथ्य आहे. आमच्या ऑफिसात संध्याकाळी टीव्हीवाल्यांचा फोन यायचा, “आज आयटी का पडलं?” सांगायला काहीच नसेल तर साहेब म्हणायचे, “नफावसुली.” कुणी कधी उलट प्रश्न विचारला नाही.

पण दिवसाचा भाव आणि दहा वर्षांचा भाव यांत फरक करा. दिवसाचं कारण शोधणं बहुतेकदा टाइमपास. दहा वर्षांत मात्र पैसा किती आला ते लपत नाही.

वाटा_बांगड्याचा

मी दापोलीत मास्तर आहे. माझी चूक सांगतो, कुणाच्या उपयोगी पडली तर.

हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव चालतो तो ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. बोटी लांब उभ्या, बैलगाड्या पाण्यात, वाळूवर मासळीचे ढीग. २०२१ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे उभा होतो. एक मावशी, वय साठीच्या पुढे, पदर खोचलेला, बर्फाच्या पाण्याने हात पांढरेफटक. बांगड्याचा वाटा पिशवीत टाकला आणि टोपलीच्या कडेला सुतळीने बांधलेल्या पेटीएमच्या निळ्या डब्याकडे बोट दाखवलं, पैसे आले की बोलतो तो. डब्याला प्लॅस्टिकची पिशवी घातलेली, खारं पाणी उडू नये म्हणून. मी स्कॅन केलं. डबा मराठीत बोलला. मावशीने वर बघितलंसुद्धा नाही, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तिला डब्यावर बँकेपेक्षा जास्त विश्वास होता.

मी मनात म्हटलं, अरे, कंपनी हर्णैच्या वाळूपर्यंत पोचली. आणखी काय पुरावा पाहिजे? पेटीएमचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, त्याच दिवसांत होता. २,१५० रुपये भाव. एक लॉट घेतला, ६ शेअर, १२,९०० रुपये. १८ नोव्हेंबरला लिस्टिंग. त्या दिवशी मधल्या सुट्टीत फोन बघितला आणि पुढच्या तासाला मुलांना अपूर्णांक शिकवले, तेही स्वतःच्या हिशेबाने. पहिल्या दिवशी १,५६४ ला बंद, २७ टक्के खाली.

डबा मात्र वाजतच होता. मी रोज जाता येता ऐकत होतो. डबा वाजतोय, शेअर पडतोय.

३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने त्यांच्या पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले. शेअर त्या दिवशी ७६१ होता, मे महिन्यात ३१० च्या आसपास आला. मी तिथेच हात टेकले आणि विकून मोकळा झालो. २०२५ मध्ये तो परत हजारावर गेला, ते मी पेपरात वाचलं.

तिरफळ

मास्तर, तुमी विकलात म्हणान वर गेलो. आमका आधी सांगूक होया होता.

खाडीपलीकडची

मास्तर, तुमचा डबा हे या धाग्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे, कारण तुम्ही जे पाहिलंत ते खरंच होतं. प्रॉडक्ट पोचलं होतं. प्रश्न असा की मावशीला तुम्ही दीडशे रुपये दिलेत, त्यातले कंपनीला किती मिळाले?

जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा सरकारी नियम आहे. म्हणजे व्यवहार दहापट वाढले तरी त्या व्यवहारातून थेट शुल्क शून्य. मिळतं ते डब्याचं महिन्याचं भाडं, दुकानदारांना कर्ज मिळवून दिल्यावरचं कमिशन, काही सरकारी प्रोत्साहन. गिऱ्हाइकाला जेवढा फायदा होतो त्यातला किती हिस्सा कंपनीच्या गल्ल्यात पडतो, हे वापरणाऱ्याला दिसत नाही. त्याला डबा दिसतो.

आणि रिझर्व्ह बँकेचा दणका प्रॉडक्टला नव्हता, परवानगीला होता. डब्यात काही बिघडलं नव्हतं.

पेनड्राइव्ह

मी कुडाळला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो, २००६ पासून. माझ्याकडूनही एक.

आमच्या धंद्यात एक काळ असा होता की मशीन विकायचं आणि वर क्विक हीलचा डबा द्यायचा. हिरवा खोका, आत सीडी, एका कागदावर की. गिऱ्हाईक अँटिव्हायरस म्हणतच नसे. “क्विक हील मारून दे,” म्हणायचं. फवारणी केल्यासारखं. दरवर्षी नूतनीकरण. मशीनवर आम्हाला सुटायचे शे-दोनशे, खोक्यावर त्याहून बरे. पुण्याची कंपनी, काटकर बंधूंची, थोरल्या भावाने कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेली. आम्हाला अभिमान होता त्याचा, अजूनही आहे.

फेब्रुवारी २०१६ ला आयपीओ आला, ३२१ रुपये. मी दुकानातल्या पोराला म्हटलं, यात शंकाच नाही, आपण रोज विकतोय. पहिल्याच दिवशी इश्यूच्या भावाखाली.

चिडून बसलो होतो. मग एकदा लक्षात आलं की माझ्याच काउंटरवर उत्तर पडलं होतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टचंच डिफेंडर हे अँटिव्हायरस फुकट येत होतं. गिऱ्हाईक विचारायला लागलं होतं, “आत असतंच ना, मग वेगळं कशाला?” आणि निम्मी पोरं तर कॉम्प्युटर घ्यायचीच बंद झाली, मोबाइल घेऊ लागली. खोके अजून जात होते, पण नवीन मशीनबरोबर जाणारे कमी आणि जुनी गिऱ्हाइकं नूतनीकरण करणारी जास्त. मी खोके मोजत होतो. बाजार बहुतेक पुढच्या वर्षीचे खोके मोजत होता.

प्रॉडक्ट वाईट नव्हतं हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

संकासूर

मग आता माझं उलटं उदाहरण. प्रॉडक्टने दगा दिला आणि शेअर तरी उभा राहिला.

१९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या अमेरिकन कंपनीने एक अपडेट सोडलं आणि जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आडव्या झाल्या. विमानं रखडली, आपल्याकडे काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. सुरक्षेसाठी घेतलेलं सॉफ्टवेअर आणि त्यानेच मशीन पाडल्या. याहून मोठं अपयश काय असतं? शेअर ३४० च्या वरून दोन आठवड्यांत २२० च्या खाली. बरोबरच आहे, म्हणाल.

पण सात महिन्यांत तो जुन्या भावाच्या वर होता. मग प्रॉडक्ट सात महिन्यांत सुधारलं म्हणायचं का?

हिशेबनीस

नाही, गिऱ्हाइकं गेली नाहीत म्हणायचं. हजारो मशीनवर बसवलेलं काढून दुसरं बसवायचं म्हणजे घराचा वासा बदलण्यासारखं आहे. माझ्या दुकानदारांना दर मार्चला टॅलीवर राग येतो. बत्तीसातल्या एकानेही काढलेलं नाही.

माडाखाली

आमच्या प्रॉडक्टचंही तेच. एकदा गोदामात बसलं की काढत नाहीत. मग तर शेअर चढायला हवा?

ताई, पटीचं उत्तर शोधतोय. आम्हाला वार्षिक अहवाल ईमेलने येतो, कधी उघडला नव्हता. २३८ पानं आहेत. पहिली साठ पानं हसऱ्या माणसांचे फोटो.

खाडीपलीकडची

फोटो सोडा, मागून वाचायला घ्या. ग्राहक दुप्पट झाले म्हणालात, तर विक्री किती वाढली ते बघा. मग “व्यापारी येणी” शोधा, म्हणजे माल दिला पण पैसे यायचेत ती उधारी. विक्रीपेक्षा उधारी वेगाने वाढत असेल तर थांबून विचार करा. शेअरची एकूण संख्या दोन वर्षांपूर्वी किती होती आणि आता किती, तेही. तुमच्यासारख्या सगळ्यांना ईसॉप वाटले की भाकरी तीच आणि खाणारी तोंडं जास्त.

कलमवाला

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवत नाही. राजापूर तालुक्यात आंब्याच्या बागा कराराने घेतो, वडिलांपासून.

डिसेंबर-जानेवारीत मोहर बघायचा आणि बागेचा सौदा करायचा. मालकाला निम्मे तरी पैसे आगाऊ. पुढे फवारण्या, राखणीचे नेपाळी गडी, काढणी, पेट्या, पेंढा, वाशीपर्यंतचं भाडं, सगळं आमच्या अंगावर. फळ दिसायच्या आधी किंमत ठरते. आम्ही आंबा विकत घेतच नाही, मोहर घेतो.

एका वर्षी एक बाग अशी मोहरली होती की पान दिसेना. तीन करारदार उभे होते. चढाओढीत मी घेतली. माझा अंदाज सहाशे पेट्यांचा. फेब्रुवारीत उष्मा, मार्चमध्ये अवकाळी, थ्रिप्सची कीड वेगळी. पेट्या निघाल्या चारशे. पण ऐका, आंबा नंबर एक होता. वाशीचे दलाल फोन करून मागत होते. देठाकडे केशरी, साका नाही, डाग नाही. असा माल त्या मोसमात आमच्या पट्ट्यात नव्हता. आणि मी तोट्यात.

शेजारच्या गावात माझ्या चुलतभावाने एक बाग घेतली होती, मोहर विरळ म्हणून कुणी हात लावत नव्हतं. पडत्या भावात मिळाली. त्याचा आंबा मध्यम. तो त्या वर्षी नवीन टेम्पो घेऊन आला.

लोक मला विचारायचे, “आंबा एवढा छान, मग तोटा कसा?” माडाखालीच्या बाबांचाच प्रश्न.

पेनड्राइव्ह

कलमवाले दादा, +१. एवढं सोपं करून कुठे वाचलं नव्हतं.

संकासूर

सुंदर, पण पूर्ण जुळत नाही. दादा, तुमचा करार जूनमध्ये संपतो. पाऊस आला, पेट्या मोजल्या, हिशेब मिटला, कळलं कोण चुकलं. शेअरला जूनच येत नाही. माडाखालीच्या कंपनीत प्रत्येक तिमाहीला नवा मोहर धरतात आणि जुन्या पेट्या मोजायच्या आत बाग तिसऱ्याच्या हातात गेलेली असते. मायक्रोसॉफ्टमध्ये १९९९ ला घेणाऱ्याला सोळा वर्षांहून जास्त थांबून “आता मोजा” म्हणायला मिळालं. तेवढं कोण थांबतं?

कलमवाला

हे मान्य. आणखी एक फरक. मी कितीही चढा भाव दिला म्हणून झाडाला जास्त आंबे लागत नाहीत. कंपनीचं तसं नसावं?

खाडीपलीकडची

दादा, नेमकं बोट ठेवलंत. शेअर चढा असला की कंपनीला त्याच शेअरच्या बदल्यात दुसरी कंपनी विकत घेता येते, चांगली पोरं ईसॉपवर खेचता येतात, बँक दारात उभी राहते. भाव पडला की तीच पोरं बायोडाटा फिरवू लागतात. म्हणजे भावाचा प्रॉडक्टवर परिणाम होतो, उलटा. झाडाला बाजारभाव कळत नाही, प्रोग्रामरला कळतो. (माडाखाली, रागावू नका.)

माडाखाली

रागावणार कसा, दर शुक्रवारी साडेतीनला आमच्या ग्रुपवर शेअरचा स्क्रीनशॉट पडतो आणि नंतर कुणी काम करत नाही.

रामभरोसे

आणि झूमचं काय? लॉकडाऊनमध्ये पोरांच्या शाळा त्याच्यावर भरल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये साडेपाचशे डॉलरच्या वर. २०२२ संपताना सत्तरच्या खाली. मटका नाही म्हणता?

हिशेबनीस

रामभाऊ, यात आकडे बघा. जानेवारी २०२१ ला संपलेल्या वर्षात झूमची विक्री २.६५ अब्ज डॉलर. पुढच्या वर्षी ४.१०. त्याच्या पुढच्या वर्षी ४.३९. विक्री एकदाही घटली नाही. घटली ती वाढ. भावात सगळं जग कायम घरात कोंडलेलं धरलं होतं. त्यात २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर शून्याजवळून वर निघाले. दहा वर्षांनी मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत त्याने उतरते, मग प्रॉडक्ट कितीही गोड असो.

हां, तुमच्या मटक्याच्या बाजूने एक देतो. मार्च २०२० मध्ये लोकांनी झूम समजून भलत्याच कंपनीचे शेअर घेतले. खऱ्या झूमचं बाजारातलं चिन्ह झेडएम आणि झूम टेक्नॉलॉजीज नावाच्या एका वेगळ्याच कंपनीचं चिन्ह झूम. तो भाव इतका चढला की अमेरिकेच्या एसईसीला, म्हणजे तिथल्या बाजार नियामकाला, व्यवहार थांबवावे लागले.

रामभरोसे

हे तर मला माहीतच नव्हतं. आज रात्री मेहुण्याला फोन.

माडाखाली

मंडळी, अहवाल वाचला. तीन रात्री गेल्या, पण वाचला. पहिल्यांदा कळलं मी काम कुठे करतो.

ग्राहक जवळपास दुप्पट हे खरं. विक्री वाढली फक्त १९ टक्के. का, ते अहवालात धड लिहिलेलं नाही, म्हणून सेल्समधल्या एका मित्राला फोन लावला. तो हसला. म्हणाला, तुला माहीत नाही? नव्या ग्राहकांना पहिलं वर्ष फुकट आहे. दुसऱ्या वर्षी निम्मे पैसे. आकडा दिसावा म्हणून. उधारी दीडपट झाली आहे. शेअरची संख्या सात टक्क्यांनी वाढली, त्यात माझेही आहेतच. आणि ताई, ईसॉप मिळाले तेव्हा पट होती ७१. आज ३८.

म्हणजे मी दोन वर्षं “किती जणांनी लॉग इन केलं” तो डॅशबोर्ड बघून खूश होत होतो. बाजार दुसरीच वही वाचत होता.

पेनड्राइव्ह

मग बाजार बरोबर निघाला म्हणायचा.

खाडीपलीकडची

७१ पट देणाराही बाजारच होता, पेनड्राइव्ह. तेव्हाही तो एवढाच ठामपणे बोलत होता. आणि हे फुकटवाले ग्राहक टिकले, तिसऱ्या वर्षी पूर्ण पैसे द्यायला लागले, तर आजचा ३८ वालाही चुकलेला निघेल. गोदामवाले काढत नाहीत म्हणालात ना? मी असते तर त्यातले किती जण दुसऱ्या वर्षाचं बिल भरतात तेवढं एकच दर तिमाहीला बघितलं असतं. विकायचं का ठेवायचं ते सांगणार नाही. ते सांगायचा परवाना मी मुंबईत सोडून आले.

वाटा_बांगड्याचा

माडाखाली, रविवार झाला. बाबांना काय सांगितलंत?

माडाखाली

सगळं सांगितलं. पट, उधारी, राजापूरचा मोहर, बाल्मर. त्यांनी सुपारी सोलत ऐकून घेतलं. पहिलं वर्ष फुकट म्हटल्यावर मात्र हात थांबला.

“फुकट देताय?”

“हो, पहिलं वर्ष.”

“मग चाललंय कशावरून म्हणतोस?”

आणि परत सोलायला लागले. मी अजून बघतोय काय उत्तर द्यायचं ते.

तिरफळ

बापाशीक रिसर्चात घेवा रे कोणी.

संकासूर

अवांतर: मास्तर, हर्णैला आज बांगडा काय भाव?

वाटा_बांगड्याचा

दोनशेला वाटा, आठ नग. स्कॅन करायला गेलो तर रेंज नव्हती, डबा गप्प. मावशी म्हणाली, “रोख द्या, नायतर उद्या द्या.” उद्या देणार आहे.